कोरोनानंतर नजर कमी झाली? डोळ्याचा पडदा आणि नस यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसरी लाट ओसरून वर्षं झाली, तरी डोळ्यांच्या ओपीडीत ‘कोरोना झाल्यापासून दिसायला कमी झालं’ हे वाक्य अजून ऐकू येतं. काहींच्या बाबतीत ते खरं असतं, पुष्कळांच्या बाबतीत नसतं. खरंखोटं ठरवायचं तर बाहुली मोठी करायचं औषध टाकून आतला पडदा पाहावाच लागतो. मराठवाड्यातल्या रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पडदा म्हणजे रेटिना आणि नस म्हणजे पडद्यापासून मेंदूकडे जाणारी ऑप्टिक नर्व्ह, असं समजून वाचावं.

कोरोनाचा विषाणू थेट पडद्यात शिरतो का?

शिरू शकतो, पण नजर जाण्याचं ते मुख्य कारण नाही. पेशीत शिरताना विषाणू एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन पडद्यात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतं. जर्मनीत २०२० मध्ये कोरोनाने दगावलेल्या १४ जणांचे डोळे तपासले, तेव्हा तिघांच्या पडद्यात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, सापडला. आरएनए सापडला म्हणजे विषाणू तिथे जिवंत होता आणि त्यानेच पेशी मारल्या, असं मात्र म्हणता येत नाही.

नुकसान होतं ते बहुतेक वेळा आडवाटेने. रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं आणि रक्तात गुठळ्या धरतात. कधी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसेवर उलटते. कधी उपचारात दिलेल्या स्टिरॉइडने साखर वाढते आणि भलतंच दुखणं मागे लागतं. आणि कधी कोरोनाचा काही संबंध नसतो, फक्त त्या दोन वर्षांत डोळे दाखवायचे राहून गेलेले असतात. माझ्या मते या भागात सर्वांत जास्त डोळे या शेवटच्या कारणाने बिघडले.

मग कोरोना होऊन गेलेल्या प्रत्येकाने पडदा तपासून घ्यायचा का?

नाही. घरीच बरे झालात, साखर-बीपी नाही, दिसायला पहिल्यासारखं दिसतंय, तर कोरोनासाठी म्हणून वेगळी तपासणी नको. मधुमेह असेल, ऑक्सिजनवर किंवा आयसीयूत राहिला असाल, बरेच दिवस स्टिरॉइड चाललं असेल, तर मात्र एकदा तरी पडदा आणि डोळ्याचा दाब बघून घ्या, मग तक्रार असो वा नसो.

पडद्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होते म्हणजे नेमकं काय होतं?

पडद्याला रक्त आणणारी एक मुख्य धमनी असते आणि वापरलेलं रक्त परत नेणारी एक मुख्य शीर. दोघी नसेच्या मधूनच डोळ्यात येतात-जातात आणि पुढे फांद्या फुटून पडदाभर पसरतात. ठिबकच्या नळ्या डोळ्यांसमोर आणा: एखादी बारीक नळी तुंबली तर तेवढीच ओळ वाळते, मेन व्हॉल्व्ह बंद झाला तर सगळं वावर.

शीर तुंबली तर रक्त मागे साचतं, पडद्यावर रक्तस्राव होतो, मधल्या भागाला सूज येते. रुग्ण सांगतो, ‘सकाळी उठलो तर एका डोळ्यापुढं धुकं.’ दुखत काहीच नाही, डोळा लालही नसतो, त्यामुळे माणूस आठवडाभर अंगावर काढतो. एरवी हा आजार पन्नाशीनंतरचा, बीपी-साखर असलेल्यांचा. कोरोनानंतरच्या काही आठवड्यांत मात्र तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसांतही तो दिसल्याच्या नोंदी जगभरातून आल्या. चांगली गोष्ट अशी की त्यावर उपचार आहेत. डोळ्यात बेव्हासिझुमॅब किंवा रॅनिबिझुमॅबचं इंजेक्शन देऊन सूज उतरवता येते, गरज पडली तर लेझर करता येतं. इंजेक्शन एकाने भागत नाही, बहुतेकांना महिन्या-महिन्याच्या अंतराने अनेक घ्यावी लागतात. ‘डोळ्यात सुई’ ऐकूनच काही जण घरचा रस्ता धरतात. आधी भूल देणारे थेंब टाकतात आणि प्रत्यक्ष टोचणं काही सेकंदांत उरकतं, एवढं त्यांना सांगावंसं वाटतं.

धमनी बंद पडणं मात्र फार वाईट.

घरातल्या माणसाच्या एका डोळ्याची नजर अचानक गेली. रात्रीची वेळ आहे. सकाळी दाखवलं तर चालेल का?

चालणार नाही. मुख्य धमनी बंद झाली की पडदा साधारण दीड ते चार तासच तग धरतो. त्यानंतर रक्त पुन्हा सुरू झालं तरी मेलेल्या पेशी परत येत नाहीत. दुखत नाही, डोळा वरून अगदी साफ दिसतो आणि म्हणूनच ‘झोप झाली की बरं वाटंल’ असं म्हणून रात्र काढली जाते.

डोळ्याचा अर्धांगवायू झाला आहे असं समजून चाला. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा आणि जिथे सीटी स्कॅन, फिजिशियन आणि डोळ्यांचे डॉक्टर तिन्ही आहेत अशा मोठ्या रुग्णालयात न्या. पहिल्या साडेचार तासांत पोहोचलात तर निवडक रुग्णांमध्ये गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनचा विचार होतो. किनवटहून नांदेड किंवा आष्टीहून अहिल्यानगर गाठायचं तर त्यातला बराचसा वेळ रस्त्यावरच जातो, हे मान्य. तरीही निघायचंच. कारण अशा माणसाला पुढच्या काही दिवसांत मेंदूचा झटका येण्याचा धोका बराच वाढलेला असतो. डोळा वाचला नाही तरी हृदयाची, मानेतल्या धमन्यांची आणि बीपीची तपासणी होऊन माणूस वाचू शकतो.

निघताना नजर नेमकी किती वाजता गेली ते लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि बहुतेक घरांत त्यावर ‘दुपारच्याला’ एवढंच उत्तर मिळतं.

डोळ्याच्या नसेला सूज आली असं सांगितलं. ती कोरोनामुळे असेल का?

असू शकते. विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती कधी कधी नसेच्या आवरणावरच हल्ला करते. त्याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. कोरोनानंतर काही रुग्णांच्या रक्तात एमओजी नावाच्या आवरण-प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, त्यांतल्या बऱ्याच जणांना दोन्ही डोळ्यांना त्रास होता. लक्षणं ठरावीक असतात. दोन-चार दिवसांत नजर उतरत जाते, डोळा फिरवला की आतून दुखतो, आणि रंग फिके पडतात. लाल रंग विटकरीसारखा दिसतो, ही तक्रार तर जवळपास नेहमीची.

एक साधी तपासणी इथे फार मोलाची आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर असा झुलवत न्यायचा. निरोगी डोळ्यांत दोन्ही बाहुल्या उजेडाला बारीक होतात आणि तशाच राहतात. नस आजारी असेल तर त्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली बारीक होण्याऐवजी मोठी होते. तालुक्याच्या दवाखान्यात कुठलंही मशीन नसताना नसेचा आजार आहे की नाही, याचा अंदाज या एका टॉर्चवर येतो. पुढे एमआरआय, ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) आणि एमओजी व एक्वापोरिन-४ या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिद्रव्यांच्या रक्ततपासण्या लागतात.

नसेला सूज दिसली म्हणजे दर वेळी न्यूरायटिसच, असंही नाही. दोन्ही नसा सुजल्या असतील, डोकं सतत दुखत असेल आणि वाकलं किंवा उठलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी झाली नाही ना, हे आधी पाहावं लागतं. कोरोनात ही गुठळी झालेले रुग्ण होते. तिथे डोळ्यांचं नव्हे, मेंदूचं औषध लागतं. याशिवाय आयसीयूत बीपी फार खाली गेलेलं, ऑक्सिजन कमी पडलेला, अंगात रक्त कमी झालेलं अशा माणसाच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून नजर जाते. पालथं झोपवून व्हेंटिलेटरवर ठेवलेल्यांमध्ये डोळ्यावर दाब पडूनही नस दुखावू शकते. माणूस शुद्धीवर नसतो, सांगणार कोण? घरी आल्यावर कळतं.

नसेच्या सुजेवर स्टिरॉइड घ्यायचं की नाही?

न्यूरायटिस नक्की असेल तर घ्यायचं, पण शिरेतून आणि रुग्णालयात. सहसा मेथिलप्रेडनिसोलोन रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस, आणि मग गोळ्या हळूहळू कमी करत. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत १९९२ मध्ये असं दिसलं की सुरुवातीपासून नुसत्या नेहमीच्या डोसच्या गोळ्या घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. त्यामुळे मेडिकलवरून आणलेल्या दहा गोळ्या हा या आजारावरचा उपचार नव्हे.

पण त्याआधी एक अट. रुग्णाला मधुमेह आहे, नुकताच कोरोना झालाय आणि नजर गेली आहे, तर नाक आणि सायनस तपासल्याशिवाय स्टिरॉइडची बाटली लावू नये. आत काळी बुरशी बसलेली असेल तर स्टिरॉइडने ती मेंदूपर्यंत पसरेल.

काळी बुरशी नाकातून होते म्हणतात. मग डोळा का जातो?

या प्रश्नाला मोठं उत्तर द्यावं लागेल, कारण २०२१ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत मराठवाड्यातल्या मोठ्या रुग्णालयांचे वॉर्ड या एका आजाराने भरले होते.

काळ्या बुरशीचा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात, सगळीकडे असते. तिचे बीजकण आपण सगळेच श्वासातून आत घेतो आणि शरीर ते संपवून टाकतं. साखर फार वाढली, रक्तात आम्ल वाढलं आणि वर स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबली, की बुरशीला रान मोकळं मिळतं. ती नाकातून सायनसमध्ये जाते. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं, ते ओलांडायला तिला वेळ लागत नाही. तिची खोड अशी की ती रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडून आत वाढते आणि त्या बंद करते. पडद्याची धमनी बंद झाली की पडदा मरतो, नसेचा रक्तपुरवठा तुटला की नस मरते. खोबणीच्या टोकाशी डोळा हलवणाऱ्या नसाही असतात, म्हणून पापणी पडते, बुबुळ जागच्या जागी थिजतं.

देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी मिळून मे २०२१ पर्यंतच्या २८२६ रुग्णांची माहिती गोळा केली होती. त्यांतल्या ७८ टक्के जणांना मधुमेह होता आणि ८७ टक्के जणांना स्टिरॉइड मिळालेलं होतं. हे आकडे पाहिले की ऑक्सिजनच्या नळीला, मास्कला किंवा कांद्यावरच्या काळ्या बुरशीला दोष देणारे तेव्हाचे मेसेज किती भरकटलेले होते ते कळतं. कांद्याची बुरशी वेगळी. आणि हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे आजही सांगावं लागतं.

सुरुवातीची लक्षणं डोळ्याची नसतातच. एका बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट-तांबूस पाणी, वरचे दात हलणं, टाळूवर काळा डाग. मग डोळ्याभोवती सूज, एकाचं दोन दिसणं, पापणी पडणं आणि शेवटी नजर जाणं. दात हलतो म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलेले आणि तिथून वेळेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे धाडलेले रुग्ण वाचले. त्या काळात दंतवैद्यांनी केलेलं काम फारसं कुणी बोलून दाखवलं नाही.

उपचार म्हणजे दुर्बिणीने सायनसमधला मेलेला भाग काढणं, लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी ची इंजेक्शनं, नंतर पोसाकोनॅझोलच्या गोळ्या आणि सगळ्यांत आधी साखर आटोक्यात आणणं. अँफोटेरिसिन चालू असताना मूत्रपिंड आणि पोटॅशियम वरचेवर तपासावं लागतं. बुरशी खोबणीत शिरली असेल पण फार पसरली नसेल, तर डोळ्याच्या मागे हेच औषध टोचून डोळा वाचवायचा प्रयत्न होतो. ते जमलं नाही तर खोबणीतलं सगळं काढावं लागतं. मे २०२१ मध्ये इंजेक्शनचा इतका तुटवडा होता की त्याचं वाटप शासनाला जिल्हावार करावं लागलं. महाराष्ट्र शासनाने या आजाराच्या उपचाराचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश केला, त्यामुळे कितीतरी घरांची जमीन विकायची वेळ टळली.

ही बुरशी कोरोनाबरोबर संपलेली नाही. साखर चारशे-पाचशेवर घेऊन येणाऱ्या माणसाला ती आजही होते.

कोरोनात दिलेल्या स्टिरॉइडनेच माझे डोळे बिघडले का?

स्टिरॉइडला सरसकट शिव्या देऊ नका. ब्रिटनमधल्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, दिलं तर मृत्यू कमी होतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. आपल्याकडे घोळ झाला तो इथेच. तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, साखर न बघता, घरच्या घरी कोर्स चालले आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरली.

डोळ्यावर त्याचे परिणाम तीन-चार प्रकारचे. पडद्याच्या मधोमध पाणी साचतं, त्याला सेंट्रल सिरस म्हणतात. समोरच्या माणसाचा चेहरा मधेच धुरकट किंवा वाकडा दिसतो, वस्तू लहान भासतात. स्टिरॉइड थांबलं की हे पाणी बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. दुसरा परिणाम म्हणजे डोळ्याचा दाब वाढून होणारा काचबिंदू. तो नस गुपचूप खातो आणि गेलेली नजर परत देत नाही. तिसरा मोतीबिंदू, त्याची चिंता नको, शस्त्रक्रियेने सुटतो. आणि साखर.

आयसीयूतून आल्यावर डोळ्यापुढे जाळी-माश्या दिसतात, नजरही उतरतेय. अशक्तपणा असेल का?

अशक्तपणाने माश्या दिसत नाहीत. बरेच दिवस सलाईनची नळी, स्टिरॉइड, अँटिबायोटिक असं सगळं झालेल्या माणसाच्या रक्तातून कँडिडा किंवा अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी डोळ्यात उतरू शकते. बाहेरून डोळा कधी थोडा लाल, कधी तोही नाही. याला निव्वळ ‘सूज’ समजून स्टिरॉइडचे थेंब दिले तर दिवस वाया जातात आणि बुरशी वाढते. डोळ्यातलं पाणी काढून तपासावं लागतं, आत बुरशीविरोधी औषध टोचावं लागतं, बऱ्याचदा शस्त्रक्रियाही लागते. हे काम पडद्याच्या तज्ज्ञाचंच.

मला साखर आहे. कोरोनाने माझ्या पडद्यावर काय परिणाम झाला असेल?

साखरेच्या रुग्णांसाठी कोरोनापेक्षा कोरोनाचा काळ जास्त वाईट ठरला. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, मोठ्या रुग्णालयांच्या नेहमीच्या ओपीड्या बंद, डोळ्यातली इंजेक्शनं अर्धवट राहिली. बीड-धाराशिवकडचे ऊसतोडीला गेलेले लोक तर आधीच हंगामाचे पाच-सहा महिने तपासणीला मुकतात, त्यात हे. पुढे ते आले तेव्हा पडद्यावर नव्या कमजोर रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरलेलं, किंवा पडदा ओढला जाऊन सुटलेला. सहा महिने आधी लेझरने भागलं असतं अशा डोळ्यांना मोठ्या शस्त्रक्रिया लागल्या.

कोरोनात पहिल्यांदाच साखर निघालेलेही बरेच आहेत. ‘ती कोरोनाची साखर होती, आता गेली’ असं समजून त्यांनी गोळ्या सोडल्या. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, करून घ्या आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही.

नजरेसमोर एक बारीक काळसर ठिपका स्थिर दिसतो. डॉक्टर म्हणतात पडदा ठीक आहे.

पडद्याच्या मध्यभागातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा तुटला की असा ठिपका राहतो. वाचताना एखादं अक्षर गळतं. तरुण मुलींमध्ये तापानंतर हा आजार दिसतो आणि कोरोनाच्या काळात त्याच्या नोंदी वाढल्या. नुसत्या दुर्बिणीने पाहिलं तर पडदा नॉर्मल वाटतो, ओसीटीत मात्र थर बदललेला दिसतो. ठरावीक औषध नाही. काही महिन्यांत ठिपका पुसट होतो, काहींना थोडा राहतो. हलणाऱ्या माश्या वेगळ्या, हा जागचा हलत नाही.

कोरोनाने पडद्यावर ‘कापसाचे डाग’ पडतात असं वाचलं. भीती वाटते.

मे २०२० मध्ये ब्राझीलच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांची तपासणी छापली, त्यांतल्या चौघांच्या पडद्यावर कापसाच्या बोळ्यासारखे बारीक पांढरे डाग होते. बारीक रक्तवाहिनी बंद झाल्याची ती खूण. बातम्या मोठ्या झाल्या, पण त्या रुग्णांची नजर शाबूत होती. ओसीटीवर त्यांनी दाखवलेले काही बदल म्हणजे नेहमीच्या रक्तवाहिन्याच आहेत, असा आक्षेपही इतर तज्ज्ञांनी घेतला. असे डाग साखर आणि बीपीनेही पडतात आणि बहुधा काही आठवड्यांत विरतात. ते दिसले तर आधी बीपी मोजा.

‘नस सुकली’ असं सांगितलं. ताकदीच्या गोळ्यांनी परत येईल का?

नाही येणार. नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. मेथिलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ च्या, गोळ्यांच्या पट्ट्या महिनोन्‌महिने खाणारे लोक बघून वाईट वाटतं. अपवाद एकच. रक्तात बी-१२ खरोखर कमी असेल, आणि निव्वळ शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा असतं, तर त्यानेही नस दुबळी होते आणि लवकर भरून काढलं तर नजर सुधारते. तेव्हा आधी तपासणी, मग गोळी.

टीबीच्या गोळ्या चालू आहेत, मध्ये कोरोनाही झाला. आता दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं.

मला इथे कोरोनापेक्षा इथॅम्ब्युटॉलचा संशय जास्त येईल. सरकारी रोजच्या उपचारात ही गोळी सहाही महिने असते आणि थोड्या रुग्णांमध्ये ती नसेला बाधते. सहसा दोन महिन्यांनंतर दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं कमी होतं, लाल-हिरव्यात गल्लत होते. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो. लगेच टीबीच्या डॉक्टरांना सांगा, ते तेवढी एक गोळी बंद करतील. स्वतःच्या मनाने सगळा कोर्स सोडू नका.

याच धर्तीची दुसरी गोष्ट दारूची. लॉकडाऊनमध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायल्याने माणसं दगावल्याच्या घटना घडल्या, एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळच्या वणीत तर एकाच वेळी अनेक जण गेले. भेसळीतलं मिथेनॉल एक-दोन दिवसांत दोन्ही नसा जाळतं. असा रुग्ण ‘कोरोनाने नजर गेली’ असंच सांगत येतो. खरं सांगितलं तर उलट-औषध आणि डायलिसिस वेळेत मिळू शकतं, म्हणून घरच्यांनी लाज बाजूला ठेवून डॉक्टरांच्या कानावर घालावं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतली होती. पडद्याला धोका आहे का?

नाही. ती गोळी पडद्याला बाधते ती सहसा पाच-सहा वर्षं रोज घेतल्यावर. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगितलेला डोस आठवड्याला एक असा होता. संधिवातासाठी ती कायम घेत असाल तर मात्र दरवर्षी तपासणी हवी.

लस घेतल्यामुळे नजर गेली, असं गावात बोलतात.

लशीनंतर नसेची सूज किंवा शिरेत गुठळी झाल्याच्या तुरळक नोंदी जगभर आहेत, त्या लपवायचं कारण नाही. पण कोट्यवधी लोकांना काही महिन्यांत लस दिली, तर त्या महिन्यांत एरवीही होणारे आजार ‘लशीनंतर’ झालेले दिसणारच. गुठळ्यांचा धोका प्रत्यक्ष संसर्गात जास्त असतो. गावात असा कुणी असेल तर त्याचं बीपी, साखर आणि डोळ्याचा दाब कुणी मोजला होता का, एवढं विचारून बघा.

लहान मुलांना काही त्रास?

कोरोनानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना तीव्र ताप, पुरळ, पोटदुखी आणि दोन्ही डोळे लाल होणं असा आजार होतो. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ही त्यातली खूण. क्वचित नसेला सूज येते. अशा मुलाला थेंब देत घरी ठेवू नका, हृदयावर परिणाम होऊ शकतो.

कमी दिवसांच्या बाळांचा मुद्दा यापेक्षा मोठा आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. लॉकडाऊनमध्ये ही भेट चुकलेल्या बाळांपैकी काहींचा पडदा सुटला. काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ घरी नेताना ‘डोळ्याची तारीख कधीची?’ हे विचारल्याशिवाय पाय उचलू नका.

घरच्या घरी नजर कशी तपासावी?

एका वेळी एकच डोळा, हे महत्त्वाचं. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा आजारी डोळ्याला झाकून घेतो. चष्मा लावा, तळहाताने एक डोळा झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचा. मग पोराच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचं पान घ्या, मधोमध पेनाने ठिपका द्या आणि फूटभर अंतरावरून त्या ठिपक्याकडे बघा. रेघा वाकड्या दिसल्या, एखादी चौकट गायब दिसली तर पडद्याच्या मध्यभागात गडबड आहे. शेवटी लाल वस्तू, कुंकवाची डबी चालेल, दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहा. एका डोळ्याला ती फिकी वाटली तर नसेची तपासणी करून घ्या.

डोळ्यात मध, दूध, कांद्याचा रस यांतलं काहीही घालू नका. पडदा आणि नस आत खोल असतात, तिथपर्यंत यांतलं काही पोहोचत नाही.

तपासणीला कुठे जावं?

ओसीटी आता जिल्ह्याच्या बहुतेक ठिकाणी होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरला घाटी, तसंच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडला आहेत. जालन्याचं गणपती नेत्रालय या भागातल्या लोकांच्या ओळखीचं आहे आणि नांदेड-लातूरकडचे लोक हैदराबादला एल. व्ही. प्रसादला जातात. जाताना कोरोनाच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, दिलेल्या औषधांची यादी आणि जुन्या चष्म्याची चिठ्ठी न्या. बाहुलीत औषध टाकल्यावर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, म्हणून स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नका.

एक डोळा कायमचा गेला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का?

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याची नजर चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगली असेल, तर सरकारी नियमाप्रमाणे अपंगत्व ३० टक्के धरतात. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतं, म्हणून एका डोळ्याच्या रुग्णांचे अर्ज अडकतात. एजंटला पैसे देण्याआधी हे माहीत असू द्या. दुसऱ्या डोळ्यालाही मधुमेहाने, काचबिंदूने किंवा नसेच्या आजाराने बाधा असेल तर टक्का वाढतो, नजरेचा घेर कमी झाला असेल तर तोही मोजतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगत्व ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होते. घेराचा, म्हणजे परिमेट्रीचा, ताजा रिपोर्ट सोबत असला तर दुसरी खेप वाचते.